हन्नाचं गाऱ्हाणं

बायबलाच्या जुन्या करारात नवरे पुष्कळ आहेत, पण एलकानासारखा दुसरा नाही. बायको रडतेय, जेवत नाही, मूल नाही म्हणून सवत तिला घालूनपाडून बोलतेय, आणि हा भला माणूस तिच्या शेजारी बसून म्हणतो, ‘हन्ना, रडतेस का? मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का?’ यावर हन्ना काय म्हणाली ते लिहिणाऱ्याने लिहून ठेवलेलं नाही. ती उठते आणि सरळ देवळाकडे जाते. तेच तिचं उत्तर असावं, असं मला वाटत आलं आहे.

शमुवेलाचं पहिलं पुस्तक या घरगुती भांडणाने सुरू होतं. इस्रायलला अजून राजा मिळालेला नाही, यरुशलेमचं मंदिर बांधायला अजून बराच अवकाश आहे. एफ्राईमच्या डोंगराळ मुलखातलं हे कुटुंब वर्षातून एकदा शिलोला यात्रेला जातं, तिथे बळी देतं आणि मग पंगत बसते. सवतीला, पनिन्नाला, आणि तिच्या पोराबाळांना त्यांचे त्यांचे वाटे मिळतात. हन्नावर नवऱ्याचा जीव, म्हणून तिला दुप्पट वाटा. आता सांगा, भरल्या पंगतीत जिच्या पानात एकटीसाठी दोघांचं वाढलंय, तिच्या घशाखाली घास कसा उतरायचा?

पनिन्ना नेमकं काय बोलायची हे मूळ कथेत नाही. ते नंतरच्या ज्यू कथाकारांनी मिद्राशात, म्हणजे बायबलावर रचलेल्या कथा-टीकांत, भरून काढलं, आणि असं भरून काढलं की वाटावं, यांच्या घरात दोन सुना नक्की असणार. पनिन्ना सकाळी उठून हन्नाला विचारायची, ‘अगं, उठत नाहीस? मुलांची तोंडं धुवायची नाहीत का, शाळेत जायचंय ना त्यांना?’ आणि दुपारी विचारायची, ‘मुलं शाळेतून यायची वेळ झाली, त्यांना घ्यायला जात नाहीस?’ शिव्या नाहीत, शाप नाहीत. फक्त घड्याळ दाखवायचं.

माझ्या आत्याला मूल नव्हतं. तिला कुणी वाकडं बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. उलट सगळे तिच्याशी फार जपून बोलत, आणि ते जपणं तिला दिसे. डोहाळजेवणात ओटी भरायला बायका उठल्या की आत्या काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. बारशाला पाळण्याच्या दोरीला तिने कधी हात लावला नाही. नवस किती झाले असतील, त्याची मोजदाद घरात कुणीच ठेवली नव्हती. मिद्राशातली पनिन्ना वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आत्याची दुपार आठवली. चाळीत पोरं शाळेतून यायची वेळ झाली की ती रेडिओ मोठा करायची.

तर हन्ना देवळात गेली. दाराच्या खांबाशी एली नावाचा म्हातारा पुरोहित बसला होता. हन्ना मनातल्या मनात बोलत राहिली; ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एलीला वाटलं, बाई प्यायलेली आहे. तो म्हणाला, ‘ही नशा कधी उतरणार तुझी? दारू सोड.’ हन्ना म्हणाली, ‘नाही स्वामी, मी दुःखी बाई आहे. द्राक्षारस नाही, मद्य नाही, मी परमेश्वरासमोर जीव ओतत होते.’ देवळातल्या माणसाला प्रार्थना ओळखता आली नाही, आणि ती ज्या बाईची होती तिनेच त्याला ती समजावून सांगितली.

पुढची गोष्ट मला मूळ कथेइतकीच महत्त्वाची वाटते. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात, बेराखोत या भागात, प्रार्थना कशी करावी याचे नियम ठरवताना धर्मपंडित आधार म्हणून मोशेला घेत नाहीत की दाविदाला घेत नाहीत. ते हन्नाला घेतात. ती मनातून बोलली, म्हणून प्रार्थनेत मन लागलं पाहिजे. तिचे ओठ हलत होते, म्हणून शब्द ओठांवर यायला हवेत. तिचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून आवाज चढवू नये. एलीने तिला प्यायलेली समजून हटकलं, म्हणून प्यायलेल्या माणसाने प्रार्थना करू नये. आजही सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, उभं राहून जी मुख्य प्रार्थना पुटपुटली जाते, ती या दारुडी ठरवलेल्या बाईच्या पद्धतीने. शतकानुशतकं दाढीवाल्या पुरुषांचे ओठ तिच्यासारखे हलत आले आहेत. ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी, रोश हशानाला, संदेष्ट्यांच्या ग्रंथांमधून जो भाग वाचतात तोही हन्नाचाच.

याच बेराखोतमध्ये पंडितांनी हन्नाच्या तोंडी जे घातलंय ते वाचून मी उडालेच. ती देवाला विचारते, ‘बाईच्या अंगात तू काहीच फुकट घडवलं नाहीस. डोळे बघायला, कान ऐकायला, नाक वासाला. मग ही छातीवर ठेवलेली स्तनं कशासाठी? पाजायलाच ना? मग पाजायला मूल दे.’ आणखी पुढे जाऊन ती धमकी देते. तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात, एक विधी सांगितला आहे: नवऱ्याला बायकोचा संशय आला तर तिला कडू पाणी पाजायचं, ती निर्दोष असेल तर तिला काही होणार नाही आणि ती गरोदर राहील. हन्ना म्हणते, ‘मूल देत नसशील तर मी परपुरुषाबरोबर एकांतात जाऊन बसते, काही न करता. नवऱ्याला संशय येईल, मला ते पाणी पाजतील, आणि मग तुला मूल द्यावंच लागेल. तुझंच शास्त्र तू खोटं पाडणार आहेस का?’ देवाला त्याच्याच कायद्यात पकडणारी ही वकिली बाई पंडितांना आवडली आणि त्यांनी ती लिहून ठेवली, याचं मला फार कौतुक वाटतं. इस्रायलच्या सात स्त्री-संदेष्ट्यांत ते तिला मोजतात, साराई, मिर्याम, दबोरा यांच्या पंगतीला.

तिला मुलगा झाला, शमुवेल. नवसात ती बोलली होती की मुलगा परमेश्वराला देईन आणि त्याच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. अंगावरचं दूध सुटल्यावर तिने त्याला शिलोला नेऊन त्याच एलीच्या हवाली केलं. पुढे तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. प्रवचनांमध्ये या ठिकाणी समाधानाने मान डोलावतात. माझी डोलत नाही. आपल्याकडेही खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेल्या मुली होत्या, आणि त्या पोरींना कुणी विचारलं नव्हतं. शमुवेलालाही कुणी विचारलं नाही. लिहिणाऱ्याला हे खुपलं असावं, कारण त्याने मध्येच एक वाक्य टाकलंय जे कथेला अजिबात लागत नाही: त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून यात्रेला घेऊन येत असे. दरवर्षी, म्हणजे दरवर्षी अंदाजाने वाढवलेल्या मापाचा. पोर समोर नसताना त्याची उंची कशी धरली असेल तिने?

शमुवेलाला सोडताना हन्ना गाणं म्हणते. त्या गाण्यात एक ओळ आहे: वांझ होती तिने सात जणांना जन्म दिला, आणि जिला पुष्कळ मुलं ती झुरणीस लागली. या ओळीने पुढे एक विचित्र काम केलं. ग्रीक राजवटीविरुद्ध उठलेल्या ज्यू मक्काबींच्या काळातली एक कथा आहे. ग्रीक राजा अंतियुखस एका ज्यू आईसमोर तिच्या सात मुलांना एकेक करून छळून मारतो, कारण ते डुकराचं मांस खायला नकार देतात. शेवटी आईही मरते. मूळ ग्रंथात या आईला नाव नाही. पुढच्या पिढ्यांना बिननावाची आई राहवेना. कुणी तिला मिर्याम म्हटलं, पण लोकांच्या तोंडी बसलं ते हन्ना. सात मुलांची आई म्हटल्यावर गाण्यातली ती ओळ आठवणारच. एक मूल मागणारी हन्ना आणि सात मुलं मरताना बघणारी हन्ना, अशा दोघी ज्यू घरांतल्या लेकींच्या नावात एकत्र राहू लागल्या.

नावाचा धातू कृपेचा, मेहेरनजरेचा. त्याच धातूवरून योहानान निघालं आणि त्यातून जॉन, इव्हान, हुआन; रोमला सळो की पळो करून सोडणाऱ्या कार्थेजच्या हॅनिबलच्या नावातही तोच, कारण कार्थेजची भाषा हिब्रूची भावंडच. पहिला वर्ण ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला, घसा साफ केल्यासारखा. इसवी सनापूर्वीच्या शतकांत अलेक्झांड्रियात जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा ग्रीकांकडे त्या आवाजासाठी अक्षर नव्हतं. हन्नाची आन्ना झाली. जगभर पसरली ती ही आन्ना. (अरबी ख्रिस्ती लोकांत मात्र हन्ना हा पुरुष असतो, योहानाचं लाडकं रूप म्हणून. 1709 साली पॅरिसमध्ये अल्लाउद्दिनच्या दिव्याची गोष्ट सांगणारा हन्ना दियाब हा अलेप्पोचा मिशीवाला तरुण होता.)

नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानात एक आन्ना भेटते, 84 वर्षांची विधवा संदेष्ट्री, मंदिर न सोडणारी, बाळ येशूला ओळखणारी. मराठी बायबलात तीही हन्नाच आहे. आपल्या भाषांतरकारांनी तिचा ‘ह’ परत दिला. पण नाव पसरलं ते तिच्यामुळे नाही. ते पसरलं बायबलात नसलेल्या एका आन्नामुळे.

येशूची आई मारिया, पण मारियाची आई कोण? चारही शुभवर्तमानं यावर गप्प आहेत. दुसऱ्या शतकात कुणीतरी ही रिकामी जागा भरून काढली, याकोबाच्या नावाने लिहिलेल्या एका ग्रंथात. तिथे योआकीम नावाचा सधन माणूस मंदिरात दान घेऊन जातो, तर तुला इस्रायलमध्ये संतती नाही म्हणून त्याला मागे सारतात. तो रानात जाऊन बसतो. इकडे बायको अंगणातल्या झाडाखाली बसते, वर चिमण्यांचं घरटं बघते आणि रडते: पाखरांना पिल्लं आहेत, जनावरांना आहेत, पाण्यालाही मासे आहेत, मी कुणासारखी? मग देवदूत येतो. ती म्हणते, मूल झालं तर ते देवाला वाहीन. मुलगी होते, मारिया, आणि तिसऱ्या वर्षी तिला मंदिरात सोडतात. आता या बाईचं नाव आन्ना सोडून दुसरं काय असणार? लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिलोची हन्ना होती, हे कुणालाही कळावं. नवस तोच, सोडणंही तेच. फक्त या खेपेला मुलगी आहे.

कुराणातही हीच आई येते, तिसऱ्या सूरेत. इम्रानची बायको पोटातलं मूल अल्लाला वाहते, आणि बाळ झाल्यावर म्हणते, ही तर मुलगी झाली. कुराण तिचं नाव घेत नाही. मुस्लिम परंपरेत तिचं नाव हन्ना. इथे ग्रीक आडवी न आल्याने ‘ह’ जागेवरच राहिला.

यरुशलेममध्ये मारियाच्या जन्माची म्हणून जी जागा दाखवतात तिथे क्रुसेडच्या काळात, 12व्या शतकात, संत आन्नाचं चर्च उभं राहिलं. सलाहुद्दीनने शहर घेतल्यावर 1192 साली त्याचा मदरसा केला. तो शिलालेख अजून दारावर आहे. 1856 मध्ये तुर्की सुलतानाने ती वास्तू फ्रान्सला देऊन टाकली. आत आवाज इतका घुमतो की दोघांनी गाणं म्हटलं तरी समूहगान वाटतं. आवाज न काढता मागणाऱ्या बाईच्या नावाचं चर्च असं असावं, याची मला गंमत वाटते.

युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस आन्नाचं वेड शिगेला पोचलं. खाणकामगारांनी तिला आपली मानली: तिच्या पोटी मारिया आली तसं डोंगराच्या पोटी चांदी. जर्मनीत सॅक्सनीमध्ये चांदी सापडून जे शहर वसलं त्याचं नावच अन्नाबर्ग. तांब्याच्या खाणीवाल्या बापाचा एक मुलगा 2 जुलै 1505 रोजी एरफुर्टजवळच्या रस्त्यावर वादळात सापडला, वीज शेजारी पडली, आणि तो ओरडला, ‘संत आन्ना, वाचव! मी मठात जाईन!’ तो मार्टिन ल्यूथर. नवस त्याने फेडला. पुढे संतांना नवस करण्याचीच प्रथा त्याने मोडीत काढली, हा भाग वेगळा.

त्याच्या मागून आलेल्या प्रॉटेस्टंटांनी संतांच्या यादीकडे पाठ फिरवली आणि मुलांची नावं शोधायला जुना करार उघडला. तिथे त्यांना मूळची हन्ना सापडली. अशा रीतीने इंग्लंडात एकाच नावाच्या दोघी झाल्या: ॲन ही राजवाड्यातली, हॅना ही प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट, घरातली. जहाजात बसून अमेरिकेला गेली ती मुख्यतः हॅना.

राजवाड्यातल्या ॲनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ग्रेट ब्रिटनची राणी ॲन, 1702 ते 1714 गादीवर होती. तिला 17 वेळा दिवस गेले. बरीचशी मुलं पोटातच गेली किंवा मेलेली जन्मली, काही पाळण्यात गेली. एकच मुलगा, विल्यम, जरा वाढला. तो 1700 साली 11 वर्षांचा होऊन गेला. वारस उरला नाही म्हणून संसदेने कायदा करून गादी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या नातेवाइकांकडे वळवली. इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण वारसाहक्काच्या शीर्षकाखाली येतं. त्या 17 खेपांबद्दल बोलायला तिला कुठला शिलो मिळाला असेल?

फ्रान्समध्ये ब्रिटनी हा आन्नाचा बालेकिल्ला. तिथले खलाशी तिला घेऊन अटलांटिक ओलांडून कॅनडाला गेले, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी 17व्या शतकात तिचं ठाणं झालं. तिकडच्या आदिवासींनी तिला आजी म्हणून स्वीकारली. मारियाची आई म्हणजे येशूची आजी, आणि त्यांच्या समाजात आजीचा शब्द चालतो. अल्बर्टा प्रांतात सेंट ॲन नावाच्या तळ्यावर 1889 पासून यात्रा भरते. 2022 साली 26 जुलैला, तिच्या सणाच्या दिवशी, पोप फ्रान्सिस तिथे गेले होते. ख्रिस्ती निवासी शाळांमध्ये आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ठेवलं गेलं होतं, त्याबद्दल क्षमा मागण्यासाठी काढलेला तो दौरा होता. मूल मंदिरात सोडून येण्याच्या गोष्टीला इतक्या क्रूर वळणावर पोचलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

आन्नाची परत हन्ना झालेलीही एक आहे. 1921 साली बुडापेस्टमध्ये जन्मलेली आन्ना सेनेश, घरात लाडाने अनिको. 1939 मध्ये ती पॅलेस्टाईनला गेली, हिब्रूत लिहू लागली आणि हन्ना झाली. 1944 मध्ये ब्रिटिशांच्या विमानातून तिने युगोस्लाव्हियात हवाई छत्रीने उडी घेतली, हंगेरीच्या सीमेवर पकडली गेली. ती बोलावी म्हणून तिच्या आईला तुरुंगात आणून समोर उभं केलं. ती बोलली नाही. 7 नोव्हेंबर 1944 ला तिला गोळ्या घातल्या, वय 23. तिची एक छोटी कविता इस्रायलमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ असते. ती कविता म्हणजे एक प्रार्थनाच आहे: या गोष्टी कधी संपू नयेत, समुद्र, वाळू, पाण्याची सळसळ, माणसाची प्रार्थना.

इतकं ओझं वाहणारं हे नाव आज ज्या सहजतेने ठेवलं जातं, ते बघून हसू येतं. अमेरिकेत 1998 ते 2000 या वर्षांत नवजात मुलींच्या नावांमध्ये हॅना दुसऱ्या क्रमांकावर होतं. माझ्या भाचीने तिकडे आपल्या मुलीचं नाव हॅना ठेवलं, कारण शाळेत कुणाला उच्चार शिकवत बसायला नको आणि रोमन लिपीत ते दोन्ही बाजूंनी सारखंच वाचता येतं. फोनवर तिची आजी म्हणाली, ‘हन्ना? हे कसलं गं नाव, आडनावासारखं.’ त्या बाळाआधी भाचीच्या दवाखान्याच्या खेपा, इंजेक्शनं, दोनदा हातातून निसटलेलं सगळं घरात प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणीही काढत नव्हतं. मी गोष्ट सांगितली नाही. म्हटलं, ठेवलंय नाव, बरोबर ठेवलंय.

आता गोव्याकडे येऊ, कारण हन्नाचं गाऱ्हाणं इतक्या उघडपणे आणि इतक्या मजेने दुसरीकडे कुठे मांडलं जात असेल असं मला वाटत नाही. तिसवाडीत तळावलीला संत आन्नाचं चर्च आहे, सांताना. 1681 ते 1695 या काळात बांधलेलं, पांढरंशुभ्र, उंच, भारतातल्या बरोक शैलीच्या देखण्या चर्चपैकी एक. जुलैच्या अखेरीस, भर पावसात, इथे फेस्त भरतं. त्याला म्हणतात तवशाचं फेस्त. तवसं म्हणजे पावसाळी मोठी काकडी, आपल्या सिंधुदुर्गातही हाच शब्द. ज्यांनी तवसोळी खाल्लीय त्यांना वेगळं सांगायला नको. मूल हवं असलेली जोडपी आन्नाला काकडी वाहतात आणि पोर्तुगीजमध्ये म्हणतात: बाईसाहेब, हा पेपीनो घे आणि मला मेनीनो दे. पेपीनो म्हणजे काकडी, मेनीनो म्हणजे बाळ.

एवढ्यावर थांबतील तर ते गोंयकार कसले! बायको हवी असलेला पोरगा चमचा घेऊन येतो, कारण चमचा म्हणजे कुल्येर आणि बायको म्हणजे मुल्येर. आणि नवरा हवा असलेली पोरगी उडीद घेऊन येते, कारण नवरा म्हणजे मारीदो, आणि उडदाला केलं उरीदो. हे शेवटचं यमक मला सगळ्यात प्यारं आहे. लिस्बनमध्ये उडीद कुणाला ठाऊक? म्हणजे हे मागणं पोर्तुगालहून बांधून आलेलं नाही. ते इथेच, कोकणी स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्याजवळ उभं राहून जुळवलं गेलं आहे. देवीशी बोलायची भाषा राज्यकर्त्यांची, पण हातात घेतलेली वस्तू परसातली. आणि शिलोच्या हन्नाला जे कुजबुजत करावं लागलं ते इथे यमकात, मोठ्याने, बाजूला फेरीवाले ओरडत असताना चालतं. बाईला मूल नाही हे चारचौघांत कळलं तरी हातात काकडी असल्यामुळे सगळे हसतात, तीही हसते. आत्याला मी एकदा तरी तिथे न्यायला हवी होती, मूल व्हावं म्हणून नव्हे, नुसती.

उत्तर कोकणात, रायगड जिल्ह्यात, हन्ना दुसऱ्या वाटेने पोचली. तिथले बेने इस्रायल ज्यू, तेल गाळणारे शनिवार तेली, शतकानुशतकं मराठी बोलत आले. त्यांच्यात शमुवेलाचा सामाजी झाला. सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. सांगतात की हे बेने इस्रायल आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि ते सुटले. सुटलो तर सिनेगॉग बांधीन असं ते बोलले होते, आणि 1796 साली मुंबईत मांडवीला त्यांनी ते बांधलं, शार हाराहमीम, दयेचं दार. तो रस्ता सॅम्युएल स्ट्रीट, आणि मसजिद बंदर स्थानकाच्या नावातली ‘मसजिद’ हीच, असं जुने मुंबईकर सांगतात. नवस, आईची मध्यस्थी आणि शमुवेल नावाचा माणूस, सगळं एकाच गोष्टीत जमून आलंय, आणि कुणी ठरवून जमवलेलं नाही.

पण मला त्यांच्या बायका जास्त बघायच्या असतात. बेने इस्रायलांच्या जुन्या चालींमध्ये एक नाझीर नवस होता. मूल नसलेली बाई बोलायची की मुलगा झाला तर त्याच्या केसांना ठरावीक वर्षं कात्री लावणार नाही. ती मुदत संपली की केस उतरवायचे आणि दानधर्म करायचा. हन्नाच्या नवसातला तो वस्तरा, जसाच्या तसा. आणि ज्या बायका हा नवस बोलत त्यांतल्या कितीतरी जणींची नावं त्या काळी शेजारणींसारखीच, मराठी वळणाची असत. 19व्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, 1832 साली जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, बायबल मराठीत हातात आलं, आणि मग घराघरांत राहेल, रिबका, लेआ, हन्ना अशी नावं वाढू लागली. पुढे सासरी त्यांना ‘बाई’ लागलं ते लागलंच. त्या आधीच्या सकूबाईंना आणि यमुनाबाईंना, केस राखायचा नवस बोलताना, आपण कुणाची ओळ म्हणतोय हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. नवस मात्र त्या फेडत होत्या.